संकठा घाटावरील निदानशास्त्री

ज्या गल्लीत दोन माणसे आणि एक सांड समोरासमोर आले असता माणसांना कुणाच्या तरी ओसरीचा आश्रय घ्यावा लागतो, त्या गल्लीत जन्म काढलेल्या आणि स्वतःची मोटार कधीही न बाळगलेल्या गृहस्थाने मोटारगाडीच्या रोगांवर अधिकारवाणीने बोलावे, यात काशीबाहेरच्या माणसास विसंगती वाटेल. काशीत वाटत नाही. ज्या नगरीत मोक्षावर प्रवचन करणाऱ्यास मोक्षाचा पूर्वानुभव कुणी विचारीत नाही, तेथे इंजिनावर बोलणाऱ्याकडे परवाना कोण मागणार?

या गृहस्थांचा एक वर्गच आहे, आणि संकठा घाटावरील त्याच्या प्रतिनिधीस आम्ही ‘निदानशास्त्री’ म्हणत असू. पूर्वज दक्षिणेतून आलेले, घरात मराठी, दारात बनारसी, आणि वाद हातघाईवर आला की संस्कृत. प्रातःस्नान व संकठादेवीचे दर्शन आटोपून ते पायरीवर बैठक मारीत. एका अंगाला बायजाबाई शिंद्यांनी बांधविलेला घाट, दुसऱ्या अंगाला थोडे पुढे नागपूरकर भोसल्यांचा. त्यामुळे दोन सरदारांच्या मध्ये बसून निवाडा देण्याची त्यांना वंशपरंपरागत सनदच मिळाली असावी. शिंदे घाटाशेजारचे रत्नेश्वराचे देऊळ कलले आहे असे सारे जग म्हणते. शास्त्रीबुवांच्या मते मात्र ‘त्याचे एका बाजूचे माउंटिंग बसले आहे’.

माझी जुनी, इंजेक्शनवर चालणारी छोटी पेट्रोल गाडी मैदागिनला उभी असे. ती एरवी सुशील मुलीप्रमाणे मिनिटास ८०० ते ८५० फेऱ्यांवर संथ चाले. पण मधूनच, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला असतानाही, आपण होऊन १८०० वर चढे, आणि सिग्नलपाशी उभे असलेले लोक माझ्याकडे ‘एवढी घाई कसली?’ अशा नजरेने पाहत. मिस्त्रीच्या दारात नेताच तिचा स्वर कोमल होई, आणि ‘रेस तो एकदम ठीक है, बाबूजी,’ असा निर्वाळा घेऊन मी परतत असे.

ही हकिकत ऐकून शास्त्रीबुवांच्या मुद्रेवर जी प्रसन्नता पसरली, ती मी त्यांच्या नातवाच्या मुंजीतही पाहिली नव्हती. ‘दोष सव्यभिचारी आहे! नित्य दोष कुणीही ओळखील. अनित्य दोषालाच पंडित लागतो.’ सोमवारी त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरची केबल अडकत असल्याचे सांगितले. मंगळवारी थ्रॉटलची झडप काजळीने चिकटून पुरती मिटत नसल्याचे. आणि बुधवारी तपमानाचा सेन्सर खोटी साक्ष देत असल्यामुळे इंजिनाचा संगणक भर वैशाखात माघाची थंडी समजून जादा पेट्रोल पाजीत असल्याचे. तिन्ही निदाने तर्कशुद्ध होती, आणि तिन्ही तपासाअंती खारीज झाली.

तेव्हा त्यांनी मला रोजनामा लिहावयास लावला: वेळ, इंजिन थंड की गरम, वातानुकूलन चालू की बंद. पंधरा दिवसांच्या नोंदींतून एक अन्वय निघाला: गोदौलियाच्या कोंडीत अर्धा तास भाजून निघाल्यावरच बाईसाहेब बिथरत, गार असता कधीच नाही. ‘आता जागेवर पाहणी,’ असे म्हणून शास्त्रीबुवा पंचपात्री-पळीसह मैदागिनास प्रकट झाले. बॉनेट उघडले, गाडी तापून ओरडू लागेपर्यंत चालू ठेवली, आणि मग इंजिन ज्या बाजूने हवा आत ओढते, त्या बाजूच्या प्रत्येक नळीवर त्यांनी पळीने थेंब थेंब गंगाजल सोडावयास प्रारंभ केला. भोवती गर्दी जमली. एका यात्रेकरूने हातही जोडले. एका रबरी नळीच्या क्लिपेखाली थेंब पडताच आतून ‘सुस्स’ असे झाले, पाणी शोषले गेले, आणि इंजिन क्षणभर अडखळून खाली उतरले. ‘हर हर महादेव!’ गर्दी गरजली.

क्लिपेखालची ती बारीक चीर थंडपणी मिटून राही आणि रबर तापून मऊ पडले की उघडे. तिच्यातून चोरून शिरलेल्या हवेलाही संगणक, हजेरीपटावर नाव नसलेल्या शिपायास शिधा देणाऱ्या भाबड्या कोठावळ्याप्रमाणे, इमानाने पेट्रोल वाढीत होता. मग फेऱ्या चढल्या तर नवल ते काय!

मिस्त्रीने नळी बदलली. त्यानंतर आठ दिवस गाडी ८०० वर निश्चल होती, आणि शास्त्रीबुवा पायरीवर तितकेच निश्चल, उदास बसलेले. मी आभार मानले तेव्हा त्यांनी मान हलविली, गंगेकडे पाहिले, आणि जराशा आशेने, जवळजवळ कुजबुजत विचारले, ‘अहो, डावीकडे वळताना चाकातून काही आवाज येतो का? नेहमी नव्हे हं... कधी कधी?’