काउंटरवरचा प्लास्टिकचा गुलाब

श्री. काउंटरवाले भाऊ,
कॅमेऱ्याचं मोठं दुकान, नागपूर.



तुमचं नाव मला ठाऊक आहे, दुकानाचंही ठाऊक आहे. दोन्ही इथे लिहीत नाही, कारण तुमच्यासारखे भाऊ दर शहरात काउंटरमागे उभे आहेत आणि एकट्या तुम्हालाच मान दिला तर बाकीचे रुसतील.

मी पांढरकवड्याचा फोटो स्टुडिओवाला. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, आणि निवडणूक लागली की बॅनरसाठी हात जोडून उभे राहणारे उमेदवार, असा आपला धंदा. तुम्ही विकलेली लेन्स हायवेने दीडशे किलोमीटर खाली उतरते आणि माझ्या टेबलावर येऊन पडते. मागे गिऱ्हाईक उभं असतं. "काका, हिच्यात काही फॉल्ट आहे का जी?" मी काच पुसतो, रिंग फिरवतो, उजेडात धरतो. लेन्स ठणठणीत असते. मग त्याला खुर्ची देतो, चहा सांगतो आणि तुमच्या वतीने तासभर बोलतो. या सेवेचं बिल अजून तुम्हाला पाठवलेलं नाही.

या वेळचं गिऱ्हाईक म्हणजे कृषी पदविका झालेला एक पोरगा. घरची कपाशी, थोडी तूर. त्याला वाघ नको होता, मोरही नको होता. त्याला कपाशीवरचे किडे टिपायचे होते, गावातल्या लोकांना मोबाइलवर दाखवायला: हा तुडतुडा, हा मावा, ही गुलाबी बोंडअळी, आणि ही लेडीबर्डची पिल्लं, ही मावा खातात, यांच्यावर पंप चालवू नका. हौस म्हणा, पण आमच्या जिल्ह्यात ती नुसती हौस राहत नाही. २०१७ साली बोंडअळीने कपाशी खाल्ली आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात माणसं दगावली. कीड न ओळखता औषध मारणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा पोरगा पैसे साठवून तुमच्या दारी आला आणि म्हणाला, "मॅक्रो लेन्स द्या."

तुमचा काउंटर मी पाहिलेला आहे. काचेवर प्लास्टिकचा गुलाब, त्यावर ग्लिसरीनचे थेंब, बाजूला एलईडीचा दिवा. गिऱ्हाइकाने मॅक्रो म्हटलं रे म्हटलं की तुम्ही झूम चढवता, गुलाबावर रोखता आणि स्क्रीन त्याच्या नाकाशी नेता. "बघा, थेंब न् थेंब!" गुलाब चार इंचांचा. वारा नाही. तो उडत नाही, सरकत नाही, पानाखाली दडत नाही. इतका समजूतदार किडा आमच्या केळापूर तालुक्यात अजून जन्माला यायचा आहे.

त्या झूमवर मॅक्रो असं ठसठशीत छापलेलं होतं. त्याच्याखाली, लग्नपत्रिकेत पाहुण्यांची नावं बारीक होत जातात तशा अक्षरांत, १:४. तेवढं वाचून दाखवायला तुम्हाला वेळ मिळाला नसावा, बिल करायची घाई होती. मी वाचून दाखवतो. १:१ म्हणजे किडा जेवढा, तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर. १:४ म्हणजे चौथाई. पोराच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद, त्यावर आडवे ६००० पिक्सेल. म्हणजे १:१ वर किड्याच्या दर मिलिमीटरला अडीचशे पिक्सेल मिळतात, तुमच्या १:४ वर साठ-पासष्ट. तुडतुडा असतो तीन मिलिमीटरचा. पांढरी माशी एक-दीडची. पोराने मला हंगामातला पहिला फोटो दाखवला तेव्हा मी विचारलं, "पानावर चुना उडाला का रे?" त्याचा चेहरा पाहून मला माझीच लाज वाटली. तुम्ही समोर असता तर बरं झालं असतं.

यातली खरी गंमत अशी की, त्याच्या कॅमेऱ्यासोबत खोक्यात आलेली साधी १८-५५ची लेन्स जवळजवळ १:३ पर्यंत जाते. म्हणजे जे त्याच्या बॅगेत आधीच होतं, त्याहून कमी तुम्ही त्याला हजारो रुपयांत विकलंत. व्यापार असाच करावा! वर यूव्ही फिल्टर, बॅग आणि लेन्स पुसायचं फडकं फुकट दिलंत, त्याबद्दल तो अजूनही तुमचं नाव आदराने घेतो.

आणि तुमचं ते पेटंट वाक्य: "भाऊ, तुम्ही तर टिपेश्वरवाले! एकाच लेन्समध्ये वाघही निघेल, किडाही निघेल." टिपेश्वर आमच्या उशाशी आहे, १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, हे खरं. पण सुन्ना गेटमधून आत गेल्यावर जिप्सीतून खाली पाय ठेवता येत नाही, एवढी माहिती नागपूरपर्यंत पोहोचायला हवी होती. गाडीत बसून वाघ दिसतो. गाडीत बसून गवतावरचा कोळी टिपायचा असेल तर कोळ्यालाच जिप्सीत बसवावं लागेल. इकडचा मॅक्रोचा माणूस अभयारण्याबाहेर, धुऱ्यावर, गुडघे टेकून बसलेला असतो. टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ साली निघाला, तेलंगणात डोकावला आणि तेराशे किलोमीटर तुडवून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोहोचला. तुमच्या झूमला मात्र फोकस न हरवता वीतभर पुढे सरकणं जमेना.

तरी तुमच्यावर अन्याय करायचा नाही. ७०-३०० जातीच्या काही झूम ३००वर नेऊन मॅक्रोचं बटण दाबलं की १:२ पर्यंत जातात, तेही तीनेक फुटांवरून. फुलपाखरांना हे झकास. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेला नीलवंत पंख पसरतो तेव्हा बारा-पंधरा सेंटिमीटरचा असतो; त्याला १:१ लेन्सने टिपाल तर एका पंखाचा कोपरा मिळेल. फुलपाखरू, चतुर, सरडा यांच्यासाठी दुरून काम करणारी अशी लेन्स घ्या, असं तुम्ही म्हणाला असता तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. पण त्यासाठी गिऱ्हाइकाला आधी विचारावं लागतं: काय टिपणार?

तर पोरगा परत तुमच्याकडे आला. तुम्ही मोठ्या मनाने ती झूम "एक्स्चेंज"मध्ये निम्म्या भावाने ठेवून घेतली आणि ६० एमएमची अस्सल मॅक्रो गळ्यात घातली. या वेळी खरोखर १:१. शिवाय स्वस्त, हलकी आणि "२.८ आहे, बॅकग्राउंड एकदम लोणी!"

पोळा होऊन गेला होता. सकाळी दव असतं, किडे थंडीने सुस्त असतात, वारा उठलेला नसतो, म्हणून आम्ही उजाडताच त्याच्या शेतात गेलो. कपाशी कमरेला लागलेली. पोराने एक डोमकळी शोधून काढली. तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो: बोंडअळी आतून पाकळ्यांना धाग्याने शिवून टाकते, फूल उमलतच नाही, पिळलेल्या पुडीसारखं मिटून राहतं. पोराने नखाने पाकळी अलगद सोडवली. आत पिवळ्या परागांत बरबटलेली अळी. अंग मळकट पांढरं, पाठीवर गुलाबी छटा नुकती धरू लागलेली, डोकं तपकिरी. लांबी नखाच्या रुंदीइतकीही नाही. त्याने ६०ची लेन्स पुढे नेली. अजून पुढे. अजून. हूड पाकळीला टेकलं तरी फोकस येईना. हूड काढलं, फोकस आला, आणि त्याच क्षणी लेन्सची सावली अख्ख्या फुलावर पडली. अळी परागांत आत सरकली. शेजारच्या पानावरचा तुडतुडा, जो सरळ चालतच नाही, तिरका पळत पानाच्या पाठीमागे गेला.

भाऊ, हे खोक्यावरच्या आकड्याचं कसब आहे. "कमीत कमी फोकस अंतर" म्हणून जो आकडा छापतात तो सेन्सरपासून मोजलेला असतो, पुढच्या काचेपासून नाही. कॅमेऱ्याचं पोट आणि लेन्सची लांबी त्यातून वजा केल्यावर जे उरतं, तेवढंच किड्याच्या वाट्याला येतं. ६०च्या लेन्सपुढे १:१ वर मॉडेलप्रमाणे पाच ते नऊ सेंटिमीटर उरतात. ९०-१०५च्या पुढे दहा ते पंधरा. १८०-२००च्या पुढे पंचवीसच्या आसपास, पण ती वजनाने आणि किमतीने गळ्यात पडते. हलणाऱ्या किड्यासाठी शंभरच्या आसपासची लेन्स हा शेतातला निवाडा आहे. माझ्याकडे जुनी १०५ची आहे, लग्नात अंगठ्यांच्या फोटोंसाठी ठेवलेली. ती पोराच्या कॅमेऱ्यावर चढवली. अळीच्या डोक्यावरची चकाकी आणि अंगावरचे विरळ केस पहिल्यांदा दिसले तेव्हा त्याचे वडीलही खुरपं टाकून बघायला आले. रोज पाहिलेली अळी त्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिली.

लोण्याविषयीही बोलून टाकू. १:१ वर मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात ॲपर्चर ८ ठेवलं तरी जेमतेम एक मिलिमीटर खोली स्पष्ट येते. २.८ वर त्याची तिहाई. किड्याचा एक डोळा स्पष्ट आणि दुसरा डोळा लोण्यात, असा फोटो कीड ओळखायला कशाच्या कामाचा? ८ ते ११ वरच काम करावं लागतं. त्यात १:१ वर लेन्सचा प्रकाश दोन स्टॉपने आपोआप घटतो, म्हणून फ्लॅश लागतो. आणि तुम्ही पोराला विकलेलं ते गोल एलईडीचं कडं नको. लग्नातला साधा फ्लॅश आणि त्यापुढे बटर पेपर पुरतो. स्टॅबिलायझरचं जे कौतुक सांगितलंत, त्याने हात स्थिर होईल एकवेळ, कपाशीचं झाड नाही. ऑटोफोकसही इतक्या जवळ भांबावतो. रिंग १:१ वर ठेवायची आणि आपणच श्वास रोखून आगेमागे डुलायचं. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी तुम्ही जादा पैसे लावलेत, त्या शेतात बंदच ठेवाव्या लागतात.

स्वस्तातला मार्ग नव्हता असंही नाही. ५०ची लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये पोकळ नळ्या बसवायच्या. एकूण ५० मिलिमीटर भरल्या की १:१ झालं. नळीत काच नसते, म्हणून किंमत नाही, म्हणून कमिशन नाही, म्हणून ती तुमच्या कपाटाच्या तळाशी. अंतर तिच्यातही कमीच उरतं, पण स्थिर बसलेल्या माव्यासाठी, अंड्यांसाठी, बियांसाठी ती पुरेशी होती आणि पोराचे बाकीचे पैसे वाचले असते. त्या पैशांत जुनी, हाताने फोकस करायची ९०ची मॅक्रो बाजारात मिळते.

तुम्हाला सुधरायला सांगत नाही. तुमचा पगार टार्गेटवर आहे हे मलाही कळतं, मीही दुकानच चालवतो. शब्द टाकायचा आहे तो लेन्स घ्यायला निघालेल्या वाचकांपाशी. नागपूर, अमरावती, पुणे, कुठेही जा, खिशात शाळेची सहा इंची पट्टी न्या. लेन्स चढवायला लावा, होईल तितकं जवळ जाऊन पट्टीचाच फोटो काढा आणि आडवे किती मिलिमीटर दिसतात ते मोजा. छोट्या सेन्सरवर चोवीसच्या आत दिसले तर ती मॅक्रो. नव्वद दिसले तर लेन्सवर काहीही छापलेलं असो, ती मॅक्रो नव्हे. मग तीच पट्टी लेन्सच्या काचेपुढे धरून किड्यासाठी किती जागा उरते ते पाहा. दहा सेंटिमीटरच्या आत असेल तर उडणाऱ्या-पळणाऱ्या जिवांसाठी ती घेऊ नका. दुकानदार पट्टी लावू देत नसेल, तर पैसे न देता बाहेर या.

आपला,
पांढरकवड्याचा एक स्टुडिओवाला