इंजिनघरातली मैफल

पैसे मोजून तिकीट काढायचं आणि गाणं कमी ऐकू यावं म्हणून दारातच कानांत घालायला बोळे घ्यायचे, हा व्यवहार मी लंडनमध्ये प्रथम पाहिला. बोळे फुकट होते. माझ्या पुढच्या गृहस्थांनी दोन जोड्या उचलल्या. फुकट ते पौष्टिक ही जाण फक्त आपल्याकडेच आहे असा माझा समज होता, तो गेला.

जून 2008. बँडचं नाव ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’. नाव ऐकून माझ्या सौभाग्यवतींना तो खुनाखुनीचा सिनेमा वाटला (त्या नावाचा एक आहेही) आणि त्यांनी घरी थांबून वरणफळं करायचं जाहीर केलं. भाचा मात्र हट्टालाच पेटला होता. ही मंडळी मूळची डब्लिनची. 1991 साली ‘लव्हलेस’ नावाचा अल्बम काढला, पुढच्या वर्षी मंचावरून उतरली, ती आता पुन्हा चढत होती.

“मामा, हे लोक म्हणजे दंतकथा आहेत.”

“मग दंतकथाच राहू दे की. प्रत्यक्ष कशाला बघायची?”

पण मी गेलो, तो बँडसाठी नव्हे, जागेसाठी. चॉक फार्मचं राउंडहाउस म्हणजे मूळची लोको शेड. माझी नोकरी भुसावळला इंजिनांच्या धुरात गेली. लंडनला येऊन राणीचा राजवाडा पाहिला नसता तरी चाललं असतं, पण 1847 ची शेड चुकवली असती तर आमच्या फोरमनसाहेबांनी स्वर्गातून मेमो काढला असता. शिवाय नातं घरचं. ज्या लंडन-बर्मिंगहॅम रेल्वेसाठी ही शेड बांधायला घेतली, ती रेल्वे उभारणारे रॉबर्ट स्टीफन्सन हेच पुढे आमच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे सल्लागार अभियंते. 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, त्यात त्यांचाही हात होता. म्हणजे मी पाहुणा नव्हेच, भाऊबंद होतो.

आत शिरलो आणि मान वर गेली ती खाली येईना. शंकूसारखं छप्पर, मधोमध धूर जायची वाट, 24 ओतीव लोखंडी खांबांचं रिंगण. मध्ये टर्नटेबल असायचं. इंजिन त्यावर आलं की फिरवायचं आणि खांबांच्या मधल्या मोकळ्या ठाणावर ढकलायचं. बेत उत्तम, पण दहा वर्षांतच इंजिनं इतकी लांब झाली की ठाणावर मावेनात. रेल्वेत असं होतंच. टेंडर निघेपर्यंत गरज बदलते. मग 1871 पासून इथे जिनची कोठी झाली आणि ती पन्नासेक वर्षं चालली. कोळशानंतर थेट दारू, ही बढती बऱ्याच फायरमनांनी आनंदाने घेतली असती.

गाणं आलं ते 1966 मध्ये. एका नव्या वृत्तपत्राच्या जन्माची पार्टी होती आणि वाजवायला पिंक फ्लॉइड. 4 जुलै 1976 ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला 200 वर्षं झाली त्या दिवशी, न्यूयॉर्कचे रामोन्स येऊन इंग्रजांच्याच कानाशी वाजवून गेले. हे सगळं मी भाच्याला सांगत होतो आणि तो मान डोलवत होता. मग लक्षात आलं, त्याने बोळे आधीच घातले होते.

मंडळी मंचावर आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. केविन शील्ड्स आपल्याच पायांकडे बघत उभे राहिले आणि वाजवू लागले. आवाज कानांवर न येता थेट बरगड्यांवर आला. बिलिंडा बुचर या बाई शांतपणे गात होत्या, असं त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. त्यांचा आवाज गिटारींच्या आत कुठेतरी पुरलेला असतो आणि तसाच असावा लागतो, असं भाच्याने हातवारे करून समजावलं. दर गाण्यानंतर शील्ड्सना नवी गिटार आणून देत, कारण प्रत्येक गाण्याची तारांची जुळणी वेगळी. आपल्याकडे तानपुरा लागेपर्यंत श्रोता निदान वड्याची चौकशी करू शकतो. इथे तेवढीही उसंत नाही.

पण खरं सांगायचं तर मला ते आवडू लागलं. शील्ड्स वाजवताना गिटारीची सूर हलवणारी ट्रेमोलो दांडी हातात धरूनच ठेवतात, त्यामुळे सूर सारखा कलतो, सावरतो, पुन्हा कलतो. गोंगाटाच्या तळाशी खरोखरच एक गोड चाल होती. आमच्या साहेबांना इंजिन नुसतं ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते कळायचं; त्यांच्याकडून शिकलेला तो कान इथे कामी आला.

शेवटचं गाणं ‘यू मेड मी रिअलाइज’. मध्यावर गाणं थांबलं आणि एकच स्वर सुरू झाला, तो वीसेक मिनिटं चालला. चाल नाही, शब्द नाही, नुसता दाब. पँटचे पाय फडफडत होते. दोन हजारांवर माणसं हाताची घडी घालून, सत्यनारायणाच्या पोथीला बसल्यासारखी गंभीर. एखादा बाहेर पळाला की उरलेले त्याच्याकडे दयेने बघत.

मला मात्र एकच काळजी. ओतीव लोखंड धक्क्यांना कच्चं. सवयीने शेजारच्या खांबावर तळवा ठेवला. थरथर होती, पण एकसारखी, म्हणजे पाया पक्का. इतक्यात शेजारच्या दाढीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. एक वयस्क भारतीय, डोळे मिटून, हात खांबावर! त्याने आदराने आपलाही तळवा टेकवला. मग त्याच्या मैत्रिणीने. बघता बघता खांबाभोवती कोंडाळं जमलं. एका मुलीने तर कपाळ टेकलं. माझी तपासणी केव्हाच संपली होती, खांब धडधाकट होता, पण आता हात काढायची सोय राहिली नव्हती.