कल कुणीकडं?

निवडणूक लागली की पुण्या-मुंबईची अभ्यासू मंडळी साताऱ्याच्या पोवई नाक्यावर गाडी थांबवून विचारतात, ‘यंदा इथला कल कुणीकडं?’ चहावाला ग्लास विसळत म्हणतो, ‘उमेदवार कुठल्या पक्षात आहे ते आधी कळू द्या.’

चूक काय त्यात? मे २०१९ मध्ये उदयनराजे भोसले राष्ट्रवादीच्या घड्याळावर निवडून आले. सप्टेंबरात भाजपचं कमळ हाती घेतलं. ऑक्टोबरात भर पावसात शरद पवारांची सभा झाली आणि पोटनिवडणुकीत त्यांचे उमेदवार श्रीनिवास पाटील राजेंना हरवून ८७ हजारांवर मतांनी निवडून आले. २०२४ ला पुन्हा राजे, कमळासकट. या वेळचं अंतर ३२ हजारांवर. आणि ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे पवारांच्या पक्षाचं चिन्ह शोधताना लोकांनी कुण्या अपक्षाच्या पिपाणीला दिलेली मतं ३७ हजारांवर! विचारधारेचा अभ्यास करणाऱ्यांनी एखादा बँडवाला सोबत ठेवावा, हे बरं.

सांगलीची तऱ्हा वेगळी. तिथं चिन्हं बदलतात. वसंतदादांचे नातू विशाल पाटील २०१९ ला बॅट घेऊन उभे होते, २०२४ ला लिफाफा. महाविकास आघाडीनं जागा ठाकरेंच्या सेनेच्या चंद्रहार पाटलांना दिली. पैलवान डबल महाराष्ट्र केसरी, पण अनामत गेली. समोर भाजपचे संजयकाका पाटील. म्हणजे कुणीही आला असता तरी खासदार पाटीलच. काँग्रेसचे कार्यकर्ते दिवसा आघाडीच्या व्यासपीठावर, रात्री लिफाफ्याच्या बैठकीला. निकालानंतर जिंकलेला लिफाफा काँग्रेसच्याच पत्त्यावर पोचला.

अभ्यासू मंडळी यालाच ‘अनपेक्षित’ म्हणतात.