सगळ्यात दमाचा खेळ कोणता : बाकड्यावरच्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

कोणत्या खेळाला सगळ्यात जास्त अंग लागतं, या वादात उतरायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत. खेळायचं वय निघून गेलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका; या वादाला तेच वय लागतं. साहित्यही फारसं नाही. रेणापूरच्या पिंपळफाट्यावर हॉटेलापुढचं एखादं बाकडं, हाफ चहा, आणि अंबाजोगाईच्या गाडीला अजून वेळ आहे एवढी खात्री. बूट लागत नाहीत. उलट चप्पल काढून, मांडी घालून बसलात तर बोलण्याला वजन येतं.

१. सगळ्यात आधी गुडघा ठरवा.

तुम्ही मोठे खेळाडू होणार होता, पण गुडघा गेला, हे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं पाहिजे. डावा की उजवा ते घरूनच ठरवून या. काल डावा चोळणारा माणूस आज उजवा चोळायला लागला की त्याचं मत पुन्हा कुणी विचारत नाही. कुठवर खेळलात हे सांगतानाही जपा. 'तालुक्याला खेळलो' म्हणालात तर बाकड्यावरचा एक तरी जण त्याच मैदानावर होता असं निघतं. 'विद्यापीठाकडून खेळलो' हे त्यातल्या त्यात सुरक्षित, फक्त वयाचा हिशेब धरा. नांदेडचं विद्यापीठ १९९४ चं. साठीला टेकला असाल तर औरंगाबादचं नाव घ्या. त्याहून जुने असाल तर भाग्यवान आहात. १९८२ पर्यंत लातूर हा जिल्हाच नव्हता, सगळा कारभार उस्मानाबादेतून चाले. तुमचं प्रमाणपत्र कोणत्या कचेरीतल्या कोणत्या कपाटात शोधायचं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

२. 'अंग लागतं' म्हणजे नेमकं काय, हे ठरू देऊ नका.

कुणी खो-खो काढला की विचारा, "ताकद कुठाय त्यात?" पाठलाग करणाऱ्याला मध्येच मागे वळता येत नाही, भरधाव येऊन खांबाला गरकन वळसा घालायचा असतो, समोरचा निसटायच्या आत सूर मारायचा असतो, हे माहीत असलं तरी बोलू नका. ताकद कुठाय? तोच माणूस चिडून कुस्तीवर आला की ताकद तिथेच सोडा आणि म्हणा, "पळायला लावा की पैलवानाला." कबड्डी निघाली तर, "३० सेकंदांची चढाई, त्यात काय दम लागणार?" एकट्याने सात जणांत शिरून परत यायचं असतं, हा तपशील चहाच्या घोटाबरोबर गिळून टाका. मॅरेथॉनवाला भेटलाच तर नुसतं पळणं हा काही खेळ नव्हे, ते शंकरपटात बैलही करतात, असं सांगून मोकळे व्हा.

यातलं एकही माप सलग दोन वाक्यं वापरायचं नाही. समोरचा "तुम्ही काय बोलायलाव मामा? आत्ता तर दुसरंच म्हणत होता!" असं म्हणाला की समजा, गाडी रुळावर आहे.

३. खेळ निवडू नका, जिल्हा निवडा.

माणसं खेळाची बाजू घेतात, हा नवशिक्याचा गैरसमज. लातूरकर कुस्तीसाठी भांडतो तो रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांसाठी. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० ला एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, पुढे रुस्तुम-ए-हिंद. त्यांना 'मामा'च म्हणायचं. 'बिराजदार सर' म्हणालात की तुम्ही बाहेरगावचे ठरलात. पुढचा पुरावा वस्ताद काका पवारांचा. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती झाली ती त्यांच्याच दोन पठ्ठ्यांत, नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. गदा सदगीरला गेली. तरी ती लातूरलाच आली असं म्हणायला तुम्हाला कुणी अडवत नाही, कारण वस्ताद आपला.

धाराशिवचा पाहुणा खो-खोवरून हलणार नाही. त्याच्याकडे सारिका काळे आहेत, २०२० चा अर्जुन पुरस्कार आहे. बीडवाल्याशी मात्र जपून, त्याच्याकडे दोन पत्ते असतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची केज तालुक्यातली. आणि आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. ३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे २८ अडथळे आणि वर ७ वेळा पाण्यावरची उडी. हे सगळं त्याने २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत उरकलं. हे ऐकल्यावर क्षणभर शांतता पसरते. ती लांबू देऊ नका. "शेवटी मराठवाड्याचाच ना!" असं म्हणून साबळे आपल्या नावावर करून घ्या. रेणापूर तसंही बीडच्या शिवेवर आहे. चहा कोण पाजतोय ते बघून निष्ठा ठरवायची मुभा इथे पूर्वीपासून आहे.

४. एक परदेशी यादी खिशात असू द्या.

ईएसपीएन या अमेरिकी वाहिनीने २००४ मध्ये ६० खेळांना १० गुणांवर मोजलं. दम, ताकद, वेग, लवचीकपणा, धीर असं सगळं त्यात होतं. जाणकार बसवले, बेरजा मारल्या, आणि बॉक्सिंग पहिलं आलं. कुस्ती पाचवी. कुस्तीवाल्यांना हे सांगताना आवाज हळू ठेवा. कबड्डी आणि खो-खो यादीतच नव्हते, हे मात्र मोठ्याने सांगा. त्यावर सगळं बाकडं एका सुरात अमेरिकेला शिव्या देईल आणि तुम्हाला दोन मिनिटं विश्रांती मिळेल. शेवटचा, साठावा नंबर मासेमारीचा. भंडारवाडीच्या रेणा प्रकल्पात भल्या पहाटे भिजलेलं जाळं ओढणारा कुणी ऐकत असेल तर हा भाग गाळा. ती यादी गळ टाकून बसणाऱ्यांची होती, हे त्याला समजावत बसणं तुमच्या गुडघ्याला झेपणार नाही.

५. डेकॅथलॉनचं नाव काढू नका.

दोन दिवस, १० प्रकार, त्यात पळणं, उड्या, फेकी सगळंच आलं. हे नाव निघालं की वाद मिटतो. आणि मिटवायचाच होता तर आलात कशाला?

६. क्रिकेटवाल्याला लवकर बाद करा.

"ज्या खेळात ४० मिनिटं जेवायला आणि २० मिनिटं चहाला मिळतात..." एवढंच म्हणा, वाक्य पूर्ण करायची गरज पडत नाही. तो यो-यो टेस्टवर येईल, आकडा सांगेल. सांगू द्या. तो स्वतः गल्लीत स्लिपला उभा राहतो, स्टुलावर बसून.

७. उसाच्या गाडीकडे पाठ करून बसा.

हा सल्ला गळीत हंगामापुरता. निवाड्याला रेणा साखर कारखान्याकडे गाड्या सुरू झाल्या की बाकड्यावरचा एखादा हळवा माणूस हमखास म्हणतो, "आरं, ह्यांच्याइतका दम कुणाला लागतो?" फडात गाडी भरताना त्याने पाहिलेलं असतं. डोक्यावर उसाची मोळी, पायाखाली वीतभर रुंदीची फळी, फळी मध्ये लवते, आणि ऊसतोडीची बाई एका हाताने मोळी सावरत, खाली न बघता वर जाते. वरचा गडी मोळी ओढून घेतो. ती उतरते, पुढची मोळी उचलते. हे असं गाडी भरेपर्यंत, तेही पहाटेपासून कोयता चालवून झाल्यावर.

घाबरू नका, या मुद्द्यावर उत्तरं तयार आहेत. पंच नाही, शिट्टी नाही, मधली सुट्टी नाही, म्हणून हा खेळ नाही. प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणजे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षणही नाही. वजन उचलणं ऑलिम्पिकमध्ये आहे; उचल घेऊन वजन उचलणं नाही. एवढ्यावरही तो गप्प बसला नाही तर भजे मागवा.

८. पोलीस भरतीच्या पोरांपासून अंतर राखा.

पहाटे लातूर रोडच्या कडेने पळणारी ही पोरं कधीच वाद घालत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी कसं बोलावं तेच कळत नाही. त्यांना एकच गोष्ट माहीत असते : पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००. पोरीने २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत ८०० संपवलं तर २० पैकी २०, पुढे प्रत्येक टप्प्याला गुण कमी. कुठला खेळ श्रेष्ठ, असं त्यांना विचारलंत तर ती फक्त घड्याळाकडे बघतात.

कधी त्यातली एखादी बाकड्यापाशी थांबेल, मोबाइल पुढे करेल आणि म्हणेल, "काका, टाइम लावता का?" नाही म्हणू नका. एवढ्या वर्षांच्या अभ्यासाला शोभेल असं हे पहिलंच काम तुमच्याकडे आलंय. रुबाबात 'रेडी' म्हणा. ती सुटली की शेजारच्याला सांगायला लागा, की ८०० मीटर म्हणजे धड दमाचा प्रकार नाही आणि धड वेगाचाही नाही. फक्त ती परत येताना बटण दाबायचं ध्यानात ठेवा. बोलण्याच्या भरात राहून गेलं तर ती एक शब्द बोलत नाही. मोबाइल घेते, पलीकडच्या पंक्चरवाल्याच्या हातात देते आणि परत पळायला लागते.