बेअरिंगला प्राणायाम

कामगारालाही शरीर असतं, हा शोध पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांना अलीकडेच लागला असावा. नवा शोध लागलेल्या माणसाचा उत्साह सध्या तिथल्या एचआर विभागांत ओसंडून वाहतो आहे. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ, ७ एप्रिलला जागतिक आरोग्य दिनाचं रक्तदाब शिबिर, २१ जूनला निळ्या चटयांवर योगासनं, १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्यावर व्याख्यान आणि मधल्या रिकाम्या महिन्यांत कँटीनमध्ये मोड आलेली मटकी. यातला सर्वांत लाडका प्रकार म्हणजे पावलांची स्पर्धा. दिवसाला दहा हजार पावलं चालायची, मोबाइलमधलं ॲप ती मोजणार, महिनाअखेर विजेत्याला स्टीलची बाटली मिळणार. अडचण एवढीच, की अनेक कारखान्यांत शॉप फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही, तो गेटवर किंवा लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्यामुळे स्टोअर्स ते असेंब्ली लाइन अशी दिवसभर ट्रॉली ढकलणारा हेल्पर ॲपच्या हिशेबी आठ तास निपचित पडून असतो, आणि केबिनपासून कँटीनपर्यंत चार वेळा जाणारे साहेब बाटली घेऊन जातात. शिवाय हेल्पर बहुधा ठेकेदाराचा असतो. ज्याचं नाव कंपनीच्या हजेरीपटावर नाही, त्याला पाय आहेत हे मान्य करण्यात कायदेशीर जोखीमही असेल.

हे सगळं करून कुणाची तब्येत सुधारते का, असा प्रश्न विचारणं वेलनेस समितीत असभ्य समजलं जातं. बाहेर मात्र तो विचारला गेला आहे, आणि चोख विचारला गेला आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठानं २०१६ मध्ये आपल्याच जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. कुणाला कार्यक्रम द्यायचा आणि कुणाला नाही, हे सोडतीनं ठरवलं. वैद्यकीय खर्च आणि गैरहजेरी यांत नाव घेण्याजोगा फरक पडला नाही. लक्षात राहण्याजोगी गोष्ट वेगळीच निघाली: अशा कार्यक्रमांत आपणहून येणारी माणसं मुळातच धडधाकट असतात. म्हणजे वर्षानुवर्षं ‘आमच्या उपक्रमातले कर्मचारी कमी आजारी पडतात’ म्हणून जी यशोगाथा सांगितली गेली, ती निरोगी लोकांना बोलावून त्यांचं आरोग्य आपल्या खाती जमा करण्याची कला होती. २०१९ मध्ये बीजेज होलसेल क्लब या दुकानसाखळीतल्या १६० ठिकाणांच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दीड वर्षानंतर कर्मचारी ‘आम्ही नियमित व्यायाम करतो’ असं जास्त संख्येनं सांगू लागले होते; रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रजा आणि खर्च मात्र जिथल्या तिथं होते. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २३३ ब्रिटिश संस्थांमधल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यानाचे वर्ग, ताणमुक्तीची प्रशिक्षणं, झोपेची ॲप्स यांचा लाभ घेणारे लोक न घेणाऱ्यांपेक्षा बरे दिसले नाहीत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे तिकडचं, आपल्याकडचं वेगळं. मान्य. आपल्याकडचं खरोखरच वेगळं आहे. तिकडे निष्फळ ठरलेले कार्यक्रम निदान त्यांच्या हजेरीपटावरच्या माणसांपर्यंत तरी पोचले होते. आणि आपल्याकडचंच शहाणपण हवं असेल, तर ते परदेशातून मागवायची गरज नाही; भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही मेंटेनन्स विभागात ते भिंतीवर चिकटवलेलं आहे.

यंत्राची काळजी कशी घ्यायची, हे या पट्ट्याला उत्तम कळतं. बेअरिंग तापलं तर त्याला कुणी प्राणायाम शिकवत नाही. त्याच्या मनोवृत्तीवर व्याख्यान ठेवत नाही, ‘माझं तापमान, माझी जबाबदारी’ असा फलक मशिनवर लावत नाही. लोड किती आहे, अलाइनमेंट बरोबर आहे का, ग्रीस कधी भरलं, हे पाहिलं जातं. मग ‘व्हाय-व्हाय ॲनॅलिसिस’ होतं: एकामागून एक पाच वेळा ‘का’ विचारायचं आणि मूळ कारण सापडेपर्यंत थांबायचं नाही. ही जपानी पद्धत इथल्या सुपरवायझरला तोंडपाठ आहे. पण तीच माणसाला लावायची वेळ आली, की पहिल्या ‘का’लाच उत्तर मिळतं: ‘त्याच्या सवयी’. आणि फाइल बंद होते. ऑपरेटरची कंबर का दुखते? आठ तास उभा असतो म्हणून. का उभा असतो? स्टूल नाही म्हणून. का नाही? उभं राहून काम करणाऱ्यांसाठी, संधी मिळेल तेव्हा टेकायला बसण्याची सोय करा, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४४ व्या कलमात होतं, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही बसण्याच्या सोयीची तरतूद आहे. चौथा ‘का’ विचारायला मात्र कुणी धजत नाही, कारण तो मॅनेजरच्या केबिनकडे जातो. त्यापेक्षा भुजंगासन स्वस्त पडतं. त्याला स्टूलही लागत नाही.

‘पण कामगार तंबाखू खातो, वडापाववर दिवस काढतो, दारू पितो, त्याचं काय?’ हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे, कारण तो खोटा नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असूनही पुड्या कुठे मिळतात, हे साऱ्या एमआयडीसीला ठाऊक आहे. मात्र इथंही ‘का’ विचारायला काय हरकत आहे? थर्ड शिफ्टला पहाटे चारच्या सुमारास प्रेससमोर डोळा लागू नये म्हणून माणूस तोंडात काहीतरी धरतो. डोळा का लागतो, तर शिफ्ट आठवड्याला बदलते, चार-पाच जणांच्या भाड्याच्या खोलीत दिवसा झोप येत नाही, आणि तळेगाव चौकातली कोंडी झोपेचा उरलेला तास खाते. रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्येच ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं आहे. व्यसनमुक्तीचं व्याख्यान जरूर ठेवा. फक्त ते सकाळी सातला, रात्रपाळी करून आलेल्या माणसांना बसची वाट पाहायला लावून ठेवू नका.

या विषयात सरकारही मागे नाही. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतल्या कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ तास आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तास करायला मंजुरी दिली. हिशेब सोपा आहे. तिमाहीत १३ आठवडे; १४४ ला १३ नं भागलं की आठवड्याला ११ तास; त्यात नेहमीचे ४८ मिळवले की ५९. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं, की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. ओव्हरटाइम कामगाराच्या लेखी संमतीनंच आणि दुप्पट दरानंच होईल, असं उत्तर येईल. दुप्पट पैसे मिळतील तिथं ते कामगाराला हवेही असतात, हेही खरं. मूळ पगारात घर चालत नसेल तर संमती मागावी लागत नाही, ती आपोआप मिळते. आणि ठेकेदाराच्या माणसानं संमती नाकारली, तर दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास चालत नाही. आठवड्याला ५९ तास राबलेल्या माणसाला हृदय दिनी चालण्याचं महत्त्व पटवून देणाऱ्या डॉक्टरांबद्दल मात्र सहानुभूती वाटते.

आरोग्य तपासणी तरी चांगली की नाही? चांगलीच. लपलेला मधुमेह, वाढलेला रक्तदाब त्यातून सापडतो. शिबिराची टवाळी करणाऱ्यांनी एवढं प्रामाणिकपणे कबूल करावं. पण ही काही कंपनीची देणगी नव्हे. धोकादायक प्रक्रियांत काम करणाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी करायला कारखाने अधिनियम सांगतच होता, आणि नव्या संहितेखाली चाळिशी ओलांडलेल्यांना वार्षिक तपासणी मोफत द्यायची आहे. कायद्यानं द्यावं लागणारं काही फुगे लावून दिलं, की त्याला उपक्रम म्हणायचं, एवढंच. त्यापुढचा प्रश्न उपचाराचा. कर्मचारी राज्य विम्यासाठी मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो, पण पात्रतेची २१ हजारांची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ मधली आहे. पगार जरा वर सरकला की माणूस योजनेच्या बाहेर. आत असलेल्यानं चाकणहून चिंचवडच्या मोहननगरमधलं विमा रुग्णालय गाठायचं, म्हणजे एक खाडा. शिबिरात ‘साखर जास्त आहे, डॉक्टरांना दाखवा’ अशी चिठ्ठी मिळते; त्या दिवसाच्या पगाराची चिठ्ठी मिळत नाही.

आणि बोटांचं काय? ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. आधी हरयाणातल्या आणि पुढे महाराष्ट्रातल्याही वाहन-सुटे भाग कारखान्यांतल्या जखमींच्या नोंदी त्यात आहेत. हात चिरडण्याचं मोठं कारण पॉवर प्रेस, आणि अनेक जखमींना विम्याचं कार्ड मिळालं ते अपघात झाल्यानंतर. हे कारखाने बहुतेक मोठ्या कंपन्यांचे नसतात; बोटं जातात ती त्यांच्या व्हेंडरकडे, आणि अनेकदा व्हेंडरच्या व्हेंडरकडे. हात आत गेला की प्रेस थांबवणारे सेन्सर, लाइट कर्टन छोट्या कारखानदाराला परवडत नाहीत, असं सांगितलं जातं. खरंही असेल. पण हाच छोटा कारखानदार मोठ्या कंपनीला दहा लाख नगांमागे किती नग खराब, याचा हिशेब देतो. त्यासाठी लागणारं मोजमापाचं साधन त्याला परवडतं, कारण त्याशिवाय ऑर्डर मिळत नाही. नगावर ओरखडा चालत नाही. ओरखडा बोटावर असेल तर तो ड्रॉइंगमध्ये नसतो. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाज्या बनवणारा कारखाना पेटला आणि महिला कामगार होरपळून मेल्या. त्याच दिवशी सहा, नंतर आकडा वाढत गेला. अशा ठिकाणी कुठलीच वेलनेस समिती नसते. असती, तरी तिनं बहुधा बाहेर पडायच्या दारांआधी आहाराकडे लक्ष दिलं असतं.

शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार आपल्या आवारातल्या अपघातांची आकडेवारी दरवर्षी द्यावी लागते. ती त्या देतात, छान रंगीत कागदावर, योगासनांच्या फोटोंसकट. वेलनेसची खरोखर हौस असलेल्या कंपन्यांनी पुढच्या अहवालात त्या फोटोखाली आणखी एक ओळ छापावी: आपल्याला सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरी, तळवडे, म्हाळुंगे आणि खराबवाडीतल्या शेडमध्ये वर्षभरात किती बोटं गेली.