कर्ता वगळला तरी चालतो

शाळेतल्या इंग्रजीत ‘व्हॉइस बदला’ हा प्रश्न म्हणजे हमखास गुण. वाक्यात कॅन, मे, मस्ट, शुड यांपैकी कुणी दिसलं की त्याला जागचं हलवायचं नाही; पुढे ‘बी’ बसवायचा आणि त्याच्यामागे क्रियापदाचं तिसरं रूप. कर्म उचलून पहिल्या बाकावर आणायचं, कर्त्याला ‘बाय’ लावून शेवटी उभं करायचं. तो वगळला तरी बहुधा चालतं.

डोंबिवलीच्या पोरांना हे शिकवायला फळा कशाला? सकाळी आठला फलाटावर न्यावं. तिथे गाडीत कुणी चढत नाही, चढवला जातो. कुणाकडून, हे विचारायची सोय नाही. मागे वळून बघावं तर ढकलणारालाही कुणीतरी ढकललेलंच असतं. ठाण्याला उतरायचं तर दिव्यापासूनच ‘पुढे ठाणा का?’ विचारत दाराकडे सरकावं, म्हणजे वेळेवर उतरवले जाल.

रेल्वेच्या कायद्याला मात्र कर्ता नेमका आठवतो. 1989च्या या कायद्यातलं 147वं कलम विनापरवाना रुळांवर शिरणाऱ्यांसाठी आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. त्याच्याच दुसऱ्या पोटकलमात अशा माणसाला ‘मे बी रिमूव्ड’ म्हटलंय, आणि पुढे ‘बाय’ लावून रेल्वेचा कोणताही नोकर, शिवाय त्याने मदतीला बोलावलेला इसमही. दहावीच्या उत्तरपत्रिकेत शोभावं असं वाक्य. लोकल उशिरा आली की हा ‘बाय’ कुठे जातो कोण जाणे.

आपलं मराठी या बाबतीत जास्त कनवाळू वाटतं. आपल्या व्याकरणात शक्य कर्मणी म्हणून एक प्रयोग आहे. इंग्रजीला ‘कॅन’, ‘बी’ आणि तिसरं रूप अशी तिघांची जुळवाजुळव करावी लागते, तिथे आपण ‘आजोबांना आता जिना चढवत नाही’ म्हणून मोकळे. आजोबा वाक्याच्या तोंडाशीच, गुडघ्यावर हात ठेवून. इंग्रजीत तोच जिना पुढे येतो, आजोबा शेपटाला लटकतात, आणि दोष जिन्याचा आहे असं वाटायला लागतं. (ठाणे स्टेशनच्या पुलांबाबत तो असेलही.)

सरकारी मराठीने मात्र इंग्रजीशीच घरोबा केलाय. ‘कळविण्यात येते’, ‘बंद ठेवण्यात येईल’. कल्याणचा जुना पत्री पूल नोव्हेंबर 2018मध्ये पाडण्यात आला आणि नवा जानेवारी 2021मध्ये खुला करण्यात आला. मधली दोन वर्षं वाहनांच्या रांगेत बसून कल्याणकर जे बोलले, ते सगळं कर्तरी प्रयोगात होतं आणि त्यातलं बरंचसं छापता येणार नाही.

फलाटावरच्या घोषणेचं व्याकरण त्याहून मजेशीर. गाडी उशिराने ‘धावत आहे’, म्हणजे दोषी असलीच तर गाडी. गैरसोय आपली आपण ‘होते’. ‘आम्ही’ येतो तो थेट शेवटी, दिलगीर व्हायला. तोवर निम्मा फलाट पलीकडच्या गाडीत चढवला गेलेला असतो.