चार रंगांची श्रीमंती

विष्णुपुरीचं अभियांत्रिकी महाविद्यालय 1981चं आणि आयबीएमचं रंगीत पडद्यासाठीचं सीजीए कार्डही त्याच सालचं. म्हणूनच की काय, जुन्या बॅचवाल्यांना त्या पडद्याचा भारी उमाळा! 320 बाय 200 ठिपके, मेमरी 16 किलोबाइट, म्हणजे ठिपक्यामागे दोन बिट. एका वेळी रंग चारच: काळा, पांढरा, आकाशी आणि एक भडक गुलाबी-जांभळा, जो वरातीतल्या फेट्यालाही कुणी घेणार नाही. वर्तुळ काढावं तर कडेला पायऱ्या. टर्बो सीला बीजीआय फाइल सापडली नाही, तर तेही नाही. ‘पण त्यात कला होती हो!’ असेल. हेच काका आता फोरके टीव्हीचे रंग फिके म्हणून दुकानदाराशी भांडतात आणि नातवाचा फोटो मुद्दाम ठोकळेबाज करून स्टेटसला ठेवतात. त्यासाठीचं ॲप 16 किलोबाइटच्या हजारोपट जागा खातं.